नांदायला लावणारं कलम

मार्च लागला की ‘पहिल्या’ स्त्रियांचे फोटो बाहेर निघतात. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली न्यायाधीश. सोलापुरात शाळेच्या फलकापासून वकिलांच्या खोलीपर्यंत हाच क्रम, आणि न्यायाधीशापाशी आलं की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, बाई १९३७ मध्येच न्यायासनावर बसली, १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचली, उलट आता कायदेच पुरुषांच्या अंगावर येतात, मग अजून कसली समानता मागता? दुसरी बाजू आकडे काढते. १९८९ ते २०२५ या छत्तीस वर्षांत सर्वोच्च न्यायालयात जेमतेम अकरा स्त्रिया आल्या, तेव्हा निम्म्या खुर्च्या मिळेपर्यंत न्यायाची गोष्टच नको. दोघांचीही मोजदाद खुर्च्यांची. जिचा फोटो मध्ये ठेवून हे भांडण चालतं, ती खुर्चीत बसायच्या आधी काय विचारत होती, हे मात्र कुणी वाचत नाही.

ती म्हणजे अ‍ॅना चांडी. जन्म १९०५, त्रावणकोर संस्थान. १९२६ मध्ये कायद्याची पदवी, मग फौजदारी वकिली, १९३७ मध्ये मुन्सफ, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश, १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि ९ फेब्रुवारी १९५९ पासून केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. भाषणाला उपयोगी पडतात त्या एवढ्याच ओळी. पण मुन्सफ होण्याआधीच बाईंनी ‘श्रीमती’ नावाचं मासिक काढलं होतं, निवडणूक लढवताना बदनामी सोसली होती, आणि स्त्रियांना सरकारी नोकऱ्या देऊ नयेत असं जाहीर सभेत मांडणाऱ्या एका मान्यवराचं भाषण जणू कोर्टात दाखल झालेला दावाच आहे, असं धरून एकेक मुद्दा खोडून काढला होता. १९३५ च्या सुमारास त्या आणखी पुढे गेल्या. त्रावणकोरच्या स्त्रीला मालमत्ता आहे, मत आहे, शिक्षण आहे, पण स्वतःच्या शरीरावर ताबा किती जणींना आहे, असा त्यांचा सवाल होता. पत्नीच्या संमतीवाचून नवऱ्याला वैवाहिक हक्क बजावू देणारा कायदा त्यांनी तेव्हाच टीकेच्या खुंटीला टांगला. त्या प्रश्नाचं उत्तर आजही आपल्या कायद्याच्या पुस्तकात नाही. तिथे आहे ते त्याच्या बरोबर उलटं: हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९, म्हणजे घर सोडलेल्या जोडीदाराला परत नांदायला जा असा हुकूम देणारं कलम.

माझं म्हणणं सरळ आहे. विवाहातल्या समानतेची परीक्षा न्यायमूर्तींच्या यादीत घेऊ नका, या एका कलमात घ्या. आणि हे कलम रद्द करा. सुधारू नका, रद्दच करा.

कलमाचं कायदेशीर नाव ‘वैवाहिक हक्कांचं पुनःस्थापन’. पक्षकारांच्या तोंडी ते ‘नांदायचा दावा’ म्हणून येतं, आणि इथे आपली भाषाच साक्षीला उभी राहते. मराठीत बाई नांदते, पुरुष नांदवतो. ‘तो नांदायला गेला’ असं वाक्य घरजावयाची टिंगल करतानाच ऐकू येतं. कलमात मात्र ‘पती अथवा पत्नी’ असं समतोल लिहिलंय: दोघांपैकी कुणीही वाजवी कारणाशिवाय सहवास सोडला, तर दुसऱ्यानं कोर्टात यावं. कागदावर तराजू सरळ आहे. पण १९७६ मध्ये त्याला जे स्पष्टीकरण जोडलं, त्यानुसार ‘वाजवी कारण’ होतं हे सिद्ध करायचं ओझं घर सोडणाऱ्यावर आहे. आपल्याकडे घर सोडतं कोण? लग्नातच एकदा घर सोडून जी आलेली असते, तीच.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघा. बाई माहेरी येते. पाच-सहा महिने बैठका होतात, मामा, थोरले दीर, जातीतली चार माणसं. मग ती पोटगीचा अर्ज करते. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. अर्जाचं समन्स पोचतं आणि थोड्याच दिवसांत वकिलाची नोटीस येते: ‘आपण विनाकारण घर सोडून गेला आहात, माझे अशील आपणास नांदविण्यास आजही तयार आहेत, तरी अमुक दिवसांत नांदावयास यावे.’ नोटिशीत प्रेम शोधू नका. ही तयारी दोन कामांसाठी असते. पहिलं, पोटगीच्या कलमातच तरतूद आहे की पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी नाही. दुसरं, परित्यागाच्या कारणावर घटस्फोट मागायचा तर सलग दोन वर्षं सिद्ध करावी लागतात; नांदायचा हुकूम मिळाला आणि एक वर्ष त्याचं पालन झालं नाही, की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ (१-अ) खाली घटस्फोटाचं कारण तयार. म्हणजे ‘ये’ म्हणणारा कागद बऱ्याचदा ‘जा’ म्हणण्यासाठी काढलेला असतो. वकिलांना हे माहीत असतं, न्यायाधीशांनाही असतं. माहीत नसतं ते फक्त जिच्या नावानं कागद निघाला तिला.

मग चुका होतात, आणि त्या ठराविकच असतात. नोटिशीला उत्तर जात नाही, कारण ‘रागाच्या भरात पाठवलीय, बसून मिटवू’ असं घरचे म्हणतात. बेलिफ समन्स घेऊन येतो तेव्हा भाऊ सही करायला नको म्हणतो. सही टाळली म्हणजे दावा टळला, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. हुकूम एकतर्फी होतो. तो रद्द करून घ्यायची मुदत तीस दिवसांची. समन्स रीतसर बजावलं नसेल तरच ते दिवस हुकूम कळल्यापासून मोजतात. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. मार खाऊन आलेल्या मुलीला दवाखान्यात नेतात आणि केसपेपरवर ‘पडून लागलं’ असं लिहून घेतात, का तर संसार मोडू नये. दोन वर्षांनी उलटतपासात तोच केसपेपर तिच्यासमोर धरला जातो. वाजवी कारण सिद्ध करायचं ओझं तिच्यावर, आणि पुरावा तिच्याच माणसांनी पुसलेला.

सोलापूरची भूगोलाची अडचण वेगळीच. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा इथल्या सोयरिकी इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडे होतात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांचे संबंध तेलंगणात. सीमा ओलांडली की प्रवास तास-दोन तासांचा, पण न्यायाचं अंतर दिल्लीपर्यंत जातं. नवऱ्यानं विजयपुरात नांदायचा दावा लावला आणि बायकोला तो सोलापुरात वर्ग करून हवा असेल, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला हलवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयाला. दावा पुण्यात लावला असेल तर अर्ज मुंबई उच्च न्यायालयाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये या उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्याच्या सहा जिल्ह्यांत आलं, हा मोठाच दिलासा. २००३ च्या दुरुस्तीनं पत्नीला ती राहते तिथल्या कोर्टात विवाहविषयक अर्ज करायची मुभा दिली हेही खरं. पण ही मुभा ती अर्जदार असेल तेव्हाची. नांदायच्या दाव्यात ती अर्जदार नसते, सामनेवाली असते.

आता या हुकुमाची बजावणी. ‘आता काही तुरुंगात टाकत नाहीत, फक्त जप्ती होते, एवढा बाऊ कशाला’, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानंही १९८४ मध्ये मान्य केला. बघू या काय जप्त होतं. विडी वळणारी बाई घ्या. कारखान्यातून पत्ती, तंबाखू, दोरा आणायचा, घरी हजाराच्या हिशोबानं विड्या वळायच्या, तिथल्या तपासणीत खराब निघालेल्या बाजूला काढून उरलेल्यांची मजुरी घ्यायची. तिच्या घरात आहे काय? स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, गळ्यात मंगळसूत्र, कोपऱ्यात सूप नि कात्री. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उघडलं तर ही जणू तिच्याच घराची यादी वाटते: भांडी, बिछाना, कपडे, धर्माचारानुसार स्त्रीला उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारं, मजुराची मजुरी, सगळं जप्तीतून वगळलेलं. मग दरखास्त, म्हणजे हुकूम बजावण्याचा अर्ज, दाखल करून बेलिफानं उचलायचं काय? ज्या हुकुमाची बजावणीच होऊ शकत नाही तो हुकूम कशासाठी हवा असतो, याचं उत्तर वर दिलंच आहे. आणि बाई जिल्हा परिषदेत शिक्षिका असेल, दवाखान्यात नर्स असेल, तर तिच्या पगारातला ठराविक भाग मात्र हाताला लागतो. कमावणाऱ्या स्त्रीला शिक्षा, न कमावणाऱ्या स्त्रीची पोटगी धोक्यात. समतोल भाषेतलं कलम दोघींना वेगवेगळ्या बाजूनं गाठतं.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आता घेतो, कारण तो टाळून लिहिणं अप्रामाणिकपणा होईल. हे कलम बायकाही वापरतात. महाराष्ट्रात टाकलेल्या बायकांचा, परित्यक्तांचा प्रश्न किती खोल आहे हे सांगायला नको. तिला घटस्फोट नको असतो. समाजात ‘नवऱ्याची’ म्हणून राहायचं असतं, मुलांना बापाचं घर हवं असतं. तिच्यासाठी कलम ९ हे कोर्टाचं एकमेव उघडं दार नव्हे का? तर नव्हे. आणि याला सगळ्यात बोलका दाखला त्याच १९८४ च्या निकालाचा, सरोज राणी विरुद्ध सुदर्शन कुमार चढ्ढा. त्या प्रकरणात नांदण्याचा अर्ज पत्नीनंच केला होता. नवऱ्यानं विरोध केला नाही, संमतीनं हुकूम झाला. मग एक वर्ष गेलं, आणि ‘हुकुमानंतर सहवास झालाच नाही’ असं म्हणत नवऱ्यानंच घटस्फोट मागितला. तो मिळाला. न्यायालयानं कलम घटनात्मक ठरवलं, विवाह टिकवण्याचं सामाजिक साधन म्हणून त्याचं कौतुकही केलं, आणि त्याच निकालानं ते साधन वापरणारीचा विवाह संपला. परत जायचा अर्ज करून बाई कायमची बाहेर पडली. याहून उघड कबुली कुठली हवी?

टाकलेल्या बाईला जे हवंय ते मिळायच्या वाटा दुसरीकडे आहेत, आणि त्या जास्त पक्क्या आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नं तिला सामायिक घरात राहायचा हक्क दिला, कलम १९ खाली निवासाचा आदेश मिळतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तेवढ्यावरून दार बंद होत नाही, हे २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात स्पष्ट झालं. घटस्फोट न घेता वेगळं राहून पोटगी मागायची तर १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचं कलम १८ आहे. या तरतुदी नवऱ्याला सांगतात, घर दे, खर्च दे. कलम ९ सांगतं, माणूस दे. पहिल्या दोन गोष्टी कोर्ट देऊ शकतं. तिसरी कोर्टाच्या हातातली नाही, नसावीही.

समेटाची संधी मिळते, हा दुसरा मुद्दा. थोडी गंमत आहे इथे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही एक कलम ९ आहे, आणि त्यात तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलंय. समुपदेशक आहेत, तारखा पुढे ढकलायची मुभा आहे, बंद खोलीत बोलायची सोय आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ ही तेच सांगतं. नववं कलमच प्रिय असेल तर हे नववं घ्या! बोलणी करायला लावणं आणि एकत्र राहायला लावणं यात फरक आहे. पहिल्यात ‘नाही’ म्हणायची मोकळीक शाबूत असते.

‘ही आपली संस्कृती आहे’ हा तिसरा मुद्दा ऐकला की मात्र इतिहासाची चोपडी काढावीच लागते. हा दावा मनुस्मृतीतून आलेला नाही, इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलाय. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, एका मुस्लिम दांपत्याच्या खटल्यात तो इथे रुजवला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीनं रखमाबाईंवर तो लावला. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, नवऱ्याकडे कधी नांदायला गेल्याच नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळताना हेच दाखवलं की असा उपाय हिंदू कायद्यात नाही, आणि इंग्लंडमध्येही तो मोडलेला सहवास जोडण्यासाठी आहे, न झालेला सुरू करण्यासाठी नाही. अपिलात ते फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरुद्ध उभा होता. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये ही त्यांची भूमिका त्या काळात समजण्यासारखी, पण ज्या हत्याराचं रक्षण चाललं होतं तेच परकं होतं. आणि त्याच इंग्लंडनं या कारणासाठी तुरुंगात टाकणं १८८४ मध्ये बंद केलं होतं! दोन हजार रुपयांवर १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई शिकायला विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. इंग्लंडनं १९७० मध्ये हा दावाच मोडीत काढला. आपण मात्र तो १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात घातला, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायद्यात घातला, आणि २०२४ च्या उत्तराखंडच्या समान नागरी संहितेतही पुन्हा लिहिला. समान संहिता करताना सगळ्यांना समान म्हणून काय वाटून दिलं, तर हे.

खोट्या तक्रारींचा मुद्दा राहिला. छळाच्या कलमाखाली सासरच्या साऱ्या गोताची नावं घालणं, अमेरिकेतल्या नणंदेलाही आरोपी करणं, असं घडतं. म्हणूनच २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात अटकेवर लगाम आला, आणि तो यायलाच हवा होता. वर्षानुवर्षं तारखांना येणाऱ्या पुरुषाचंही आयुष्य कुजतं. पण त्याला कलम ९ नं काय संरक्षण मिळतं? क्रूरतेचा बळी असेल तर त्यानं क्रूरतेवर घटस्फोट मागावा. जिच्यापासून धोका आहे म्हणतो तिलाच नांदायला बोलवावं, हा बचाव कुठला? अ‍ॅना चांडी यांच्याकडून इथे शिकण्यासारखं आहे. त्रावणकोरात स्त्रियांना फाशीतून सूट होती, आणि बाईंनी त्या सवलतीलाही विरोध केला. समान गुन्ह्याला समान शिक्षा द्या, आणि लग्नातही समान माना, असं एकाच दमात म्हणणारी बाई होती ती. तिचा फोटो लावून सवलतींवर दात काढणाऱ्यांनी दुसरं अर्धं वाक्यही वाचावं.

खुर्च्या मोजणाऱ्यांनाही थोडं सुनवायला हवं. पिन्हे पुरुष होते. १९८३ मध्ये टी. सरिता प्रकरणात कलम ९ घटनाबाह्य ठरवणारे आंध्रचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी पुरुष होते. शरीर कधी, कुणाच्या स्वाधीन करायचं हा निर्णय सरकारकडे जाऊ शकत नाही, हा त्यांच्या निकालाचा गाभा, म्हणजे जवळजवळ चांडीबाईंचाच प्रश्न. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी प्रकरणात तो निकाल मोडला. १९७८ मध्ये सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. त्यानंतरही सोलापूरच्या कोर्टात नांदायचे दावे तसेच दाखल होत राहिले, कारण न्यायाधीश कुणीही असो, समोर कलम तेच असतं. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशानं कलम लागू करायचं असतं, खोडायचं नसतं. बाया न्यायासनावर हव्यातच, पण कायदा न बदलता तिथे बाई बसवली, तर नांदायला जा असं सांगायची पाळी तिच्यावर येते, एवढंच.

तर कुणी काय करायचं? संसदेनं कलम खोडायचं. स्त्रियांच्या स्थितीवरच्या उच्चस्तरीय समितीनं २०१५ मध्ये ते सुचवलं, विधी आयोगानं २०१८ च्या चर्चापत्रात त्याला दुजोरा दिला. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात कलमाला नव्यानं आव्हान दिलं. जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारी प्रकरणात एक महत्त्वाचा दात पाडला गेला: नांदायचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून पोटगी बंद होत नाही. त्या बाईला सासरी संडास वापरू देत नव्हते, गॅसवर स्वयंपाक करू देत नव्हते, आणि नांदायचा हुकूम मात्र नवऱ्याच्या हातात होता. विधी आयोगाच्या त्याच चर्चापत्रात आणखी एक सूचना आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही: लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेत घटस्फोटाच्या वेळी दोघांचाही वाटा धरावा. आज तिला पोटगी मिळते, वाटा नाही. यंत्रमागाच्या हप्त्यात तिच्या विड्यांचे पैसे गेले असले तरी माग त्याच्या नावावर. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार कामगारांना घरं मिळाली. पंतप्रधान आवास योजनेचा नियम असा की घर कुटुंबातल्या स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर असावं. ज्या बाईचं नाव घराच्या कागदावर आहे, तिला ‘घर सोडून गेली’ असं नोटिशीत लिहिणं अवघड जातं. नांदायला कुठे यायचं, हा प्रश्न तिथे उलटा फिरतो.

कायदा बदलेपर्यंत मात्र नोटीस येणारच. आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या, समन्स टाळू नका, दवाखान्याचे कागद आणि पोलिसांतल्या अदखलपात्र नोंदीची प्रत जपा, दाव्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागा; समन्स बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय द्यावा असं कायदाच म्हणतो. आणि कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, ‘सामनेवाली नांदण्यास तयार आहे’ हे वाक्य केवळ प्रघात म्हणून घालू देऊ नका. ते टाईप करणाऱ्याच्या हाताला सवयीनं येतं. सही करण्यापूर्वी ते खरं आहे का, हे जिला नांदायचंय तिला विचारा.